उजव्या सोंडेचा पत्रा

गेल्या महिन्यात माझ्या भाचीच्या मुलीने मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. पुण्याजवळच्या कुठल्याशा रिसॉर्टवर झाडाखाली टेबलं मांडलेली, आणि ॲप्रन घातलेल्या बायका तांब्याच्या पातळ पत्र्यावर पानं, पिसं, फुलपाखरं उठवताहेत. मागे बासरी. शेवटी प्रत्येकीने आपापलं फुलपाखरू छातीशी धरून फोटो काढून घेतला आणि एकीने तर डोळे पुसले. म्हणे, धातूशी तिचा संवाद झाला. मी नीट निरखून पाहिलं, एकीच्याही बोटाला चिंधी बांधलेली नव्हती. पत्र्याने बोट कापलं नाही तर संवाद झाला कुठून? मी पोरीला म्हटलं, बाई गं, हे सगळं आमच्या संगमनेरात आमच्या लहानपणीच होऊन गेलंय, फक्त झाड नव्हतं आणि रडायची पद्धत नव्हती. तिला ते खरं वाटेना. मग मी तिला ताईच्या लग्नातल्या गणपतीची गोष्ट सांगितली, आणि सांगता सांगता लक्षात आलं की ही कधी कुणी लिहून ठेवलेली नाही. तेव्हा लिहिते. ज्यांना राग येईल ते बहुतेक सगळे वारलेत.

आम्ही बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहायचो. माझे वडील, अण्णा, हायस्कुलात संस्कृत शिकवायचे, आणि शाळेच्या आधी घरीही शिकवणी घ्यायचे. त्यामुळे आमच्या घरी सकाळ उजाडायची ती पुढच्या खोलीतून येणाऱ्या ‘देवः देवौ देवाः’च्या घोषाने. पंधरावीस पोरं अर्धवट झोपेत देव चालवत असायची आणि अण्णा डोळे मिटून मांडीवर ताल धरायचे. एकाही पोराला त्यातलं अवाक्षर कळत नसे, पण अण्णांना ते चालत असे, कारण ताल चुकत नव्हता. आई आत तांब्याच्या बंबात लाकडं सारत असायची, धूर घरभर, आणि थंडीत त्या धुरातच चुलीवर हुलग्याची शेंगोळी रटरटत असायची. लसणाच्या फोडणीचा तो वास आला की पुढच्या खोलीतला एखादा पोरगा हमखास विभक्ती चुकायचा. घरात माझ्याहून मोठी एक बहीण, सुलभाताई. ती डी.एड. झालेली, भरतकाम येणारी, खाली बघून चालणारी, कुणी काही बोललं तर ‘बरं’ म्हणणारी. नातेवाईक तिला गुणाची म्हणायचे. मी तिला गोगलगाय म्हणायचे, तोंडावरसुद्धा. तीही त्यावर ‘बरं’ म्हणायची.

मला डी.एड. करायचं नव्हतं. मला नगरला आयटीआयमध्ये शीट मेटलच्या ट्रेडला जायचं होतं, म्हणजे पत्र्याच्या कामाला. का, ते मला धड सांगता यायचं नाही. गल्लीच्या तोंडाशी नाशिक-पुणे रस्त्यालगत लक्ष्मणनानांचं धान्याच्या कोठ्या आणि पेट्या बनवायचं दुकान होतं, आणि सपाट पत्र्याचा तुकडा उठून उभा राहतो, पोट धरतो, झाकण घेतो, हे बघताना माझं शाळेत जायचं भान सुटायचं एवढं खरं. अण्णांना सांगितलं तेव्हा ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले आणि आईला म्हणाले की हिला काहीतरी हाताला काम द्या, डोकं रिकामं आहे. आईने मला क्षीरसागरबाईंच्या एम्बॉसिंगच्या क्लासला घातलं. ताईचं लग्न ठरायच्या बेतात होतं, रुखवतात मांडायला एक वस्तू होईल आणि माझी पत्र्याची हौस फिटेल, असा दुहेरी हिशोब त्यामागे होता.

क्षीरसागरबाईंचा तो क्लास म्हणजे चांगल्या घरच्या मुलींनी दुपारी चहा पिण्याची सोय होती. ॲल्युमिनियमचा पत्रा, तोही असा पातळ की फुंकर मारली तर थरथरावा. घोंगडीच्या घडीवर तो पालथा ठेवायचा, वर बाईंनी दिलेला चित्राचा कागद ठेवायचा आणि शाई संपलेल्या बॉलपेनने दाबत जायचं. उलटून घेतलं की चित्र फुगून वर आलेलं. मग मागच्या खोलगटात मेणबत्तीचं मेण ओतायचं, पुढून काळं बूटपॉलिश फासून पुसायचं, मखमल लावलेल्या प्लायवर बारीक खिळ्यांनी ठोकायचं, की झाली कला. चित्रं दोनच, मोर आणि गणपती. बाई मुलींच्या मधून फिरत ‘छान, किती भाव आलाय’ म्हणायच्या, मोरालाही आणि गणपतीलाही. खाली ‘श्री’ किंवा ‘शुभं भवतु’ लिहायचं झालं तर मात्र बाई आधी अक्षरं उलटी काढून द्यायच्या, कारण मागून गिरवलं की पुढून ती सुलट होतात. एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. अक्षरं उलटतात तर सोंडही उलटत असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. त्यांच्या कॅलेंडरावरचा गणपती डाव्या सोंडेचा, आणि पोरींच्या हातून निघायचे ते एकजात उजव्या सोंडेचे. संगमनेरातल्या निम्म्या दिवाणखान्यांत सोफ्याच्या वर उजव्या सोंडेचा गणपती लटकत होता आणि त्याच घरांत उजव्या सोंडेचा देव किती कडक, त्याचं सोवळं किती अवघड, यावर तासन्‌तास चर्चा चालायच्या. मान वर करून कुणी बघितलं नाही. मी बाईंना हे दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या की कलेत असं बघायचं नसतं. घरी आईला सांगितलं, तर तिने बाईंचं मत विचारलं आणि विषय संपला.

त्या फुंकरीच्या पत्र्यावर माझं मन बसेना. मी भांड्यांच्या दुकानातून घागरीच्या पत्र्याचा उरलेला तुकडा आणला, चांगला जाड, लालबुंद तांब्याचा. त्यावर बॉलपेन मोडलं. मग लक्ष्मणनानांकडे गेले. नाना हा एक नमुनाच होता. जिल्ह्यात आपल्यासारखी कोठी कुणाला येत नाही हे ते गिऱ्हाइकाला आधी ऐकवायचे आणि मग भाव सांगायचे. दुसऱ्याच्या हातची कोठी दिसली की तिच्यावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवायचे. मी गणपती उठवायचा म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, “बामनाच्या पोरी, आदी कड दुमडाया शिक. कड न्हाई दुमडली तर तुजा देवच हात कापील.” मग दुपारच्या दुपार मी भंगार पत्र्याच्या कडा दुमडत बसले. कात्री कशी धरायची, कापताना पत्रा कुठल्या हाताने उचलायचा, लाकडी मोगरी मनगटातून कशी सोडायची, हे सगळं शिव्या खातखात आलं. बोटं सोललेली, त्यावर हळद. आईने विचारलं की सांगायचं, बाईंच्या क्लासात लागलं. चांगल्या घरच्या क्लासात लागलेलं आईला चालत असे.

पण नानांचंही ज्ञान कोठीपुरतंच होतं. तांब्यावर चार घाव घातले की ते आखडायचं, मोगरी उसळून यायची, आणि एके दिवशी गणपतीचं पोट उठवता उठवता पत्रा तडकला. मी विचारलं, तापवून बघू का. नाना ठासून म्हणाले की तापवून पाण्यात टाकलं की धातू कडक होतो, त्यांच्या बापाची शिकवण होती. लोखंडाबाबत बापाचं चुकत नसेल. मी घरी येऊन रागाने तो तडकलेला तुकडा बंबाच्या जाळात भिरकावला. आईने तो चिमट्याने ओढून काढला, लाल झालेला, आणि माझ्या नावाने बोटं मोडत पाण्याच्या बादलीत बुडवला. मी हात घालून बाहेर काढला तर तो केळीच्या पानासारखा वाकत होता. मला काय झालं ते शब्दांत सांगता येत नाही, पण इतका आनंद मला नंतर फार थोड्या गोष्टींनी दिला, आणि त्यात माझं लग्न धरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी नानांना दाखवलं. त्यांनी तो तुकडा वाकवून पाहिला, सरळ केला, माझ्या पुढ्यात टाकला आणि म्हणाले, “तांबं बायकी हाय.” आपण चुकलो हे म्हणणाऱ्यांपैकी ते नव्हते. आमच्या गावात तसं कुणीच नव्हतं.

मग मी नवा पत्रा घेतला. घाव घालायचे, आखडला की बंबात तापवायचा, बुडवायचा, पुन्हा घाव. प्रवरेची वाळू भरलेली पिशवी खाली, हातात गोल घासून घेतलेले मोठे खिळे. गणपती झाला. पोट खरंच पोटासारखं आलं होतं. सोंड मात्र उजवी, कारण आईने मला बाईंचाच कागद वापरायला लावला. मी सोंड फिरवून घेते म्हटलं तर आई म्हणाली, बाईंपेक्षा तू शहाणी का? रुखवताची वस्तू, बाईंच्या क्लासची म्हणून सांगायची, ती बाईंच्या कागदाबरहुकूमच हवी होती. मेण ओतलं, मखमलीवर ठोकला, आणि मी आयटीआयचं पुन्हा काढलं. अण्णा पुन्हा हसले. अर्ज द्यायचे दिवस ताईच्या लग्नानंतर लगेच संपत होते. अण्णांची सही आणि अण्णा स्वतः, दोन्हीशिवाय तिथे मला कुणी उभं केलं नसतं.

ताईला पारनेरचं स्थळ आलं होतं. मुलगा तहसील कचेरीत, शांत, चष्मेवाला, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. त्याच्या घरचा कारभार आत्याबाईंकडे, म्हणजे त्याच्या विधवा आत्याकडे. या आत्याबाई पाहण्याच्या कार्यक्रमात ताईला चालायला लावून, वाचायला लावून, शेवटी केस मोकळे करून दाखवायला लावून गेल्या होत्या. ताईने ‘बरं’ म्हणून केस सोडले होते. मी स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहिलं आणि दोघींचाही मला तिरस्कार वाटला, एकीचा मागते म्हणून आणि दुसरीचा देते म्हणून.

लग्न संगमनेरातच कार्यालयात होतं. रुखवत मांडलं होतं, साखरेचे रुखवताचे लाडू, लोकरीचा ससा, काड्यांची विहीर, आणि मधोमध माझा गणपती. आत्याबाई रुखवत बघायला आल्या त्या भिंगातून बघावं तशा बघत आल्या आणि गणपतीपाशी थांबल्या. त्यांनी मानेला झटका दिला. “हा उजव्या सोंडेचा आहे. याचं सोवळं आमच्याकडे कोण सांभाळणार?” आई पांढरी पडली. संगमनेरातल्या इतक्या दिवाणखान्यांत जे कुणाला दिसलं नाही ते या एका बाईला दिसलं, याबद्दल मला त्यांचं क्षणभर कौतुकच वाटलं, पण पुढचं ऐकून ते गेलं. गणपती घरी न्यावा तर सोवळं मोडून देवाचा कोप होणार. मागे ठेवावा तर रुखवतातला देवच सुनेबरोबर आला नाही, म्हणजे अपशकुन. त्यामुळे याचा निकाल लागल्याशिवाय आत्याबाई मुलाला बोहल्यावर चढू देणार नव्हत्या, आणि मुलगा चष्मा पुसत होता.

मग पुरुष जमले. उजवी म्हणजे देवाची उजवी की आपली उजवी, यावरच पहिला भडका उडाला. एक काका देवासारखे समोर उभे राहून हाताने सोंड करून दाखवत होते. अण्णांनी काहीतरी संस्कृत म्हटलं, त्याचा अर्थ पारनेरच्या भटजींनी उलटा लावला. क्षीरसागरबाई आमंत्रणाला आल्या होत्या. त्यांनी “मी कागद तर डाव्या सोंडेचाच दिला होता” एवढं खरं वाक्य उच्चारलं आणि पंगतीची चौकशी करायला निघून गेल्या. मुहूर्त सरकत चालला. पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून ताई खुर्चीत बसली होती, खाली बघत. कुणी तिला काही विचारलं नाही. रागाने माझं डोकं फुटायची वेळ आली होती, म्हणून मी मागे आचाऱ्याच्या भट्टीपाशी जाऊन उभी राहिले.

अण्णा तिथे आले. धोतराचा सोगा हातात, कपाळावर घाम. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर त्यांना आधीपासून ठाऊक नव्हतं.

“वैजू, सोंड फिरवता येईल का गं?”

“येईल. सोमवारी माझ्याबरोबर नगरला आयटीआयत येता का?”

अण्णांनी भट्टीकडे बघितलं, आचाऱ्याकडे बघितलं. आचारी जिलेब्या काढता काढता थांबून ऐकत होता. अण्णा ‘येतो’ म्हणाले. मी आचाऱ्याला म्हटलं, तुम्ही ऐकलंत ना, आणि मगच गणपती आणायला गेले. बापाला लग्नाच्या दिवशी कोंडीत धरलं म्हणून आई मला पुढे बरीच वर्षं बोलत असे. मला त्याचं आजही काही वाटत नाही. सरळ मागितलं तेव्हा ते हसले होते.

खिळे उपसून पत्रा सुटा केला आणि चिमट्यात धरून भट्टीवर आणला. मागचं मेण पेटलं, भसकन ज्वाळ उठली, आचारी मसालेभाताचं पातेलं ओढत लांब पळाला. बूटपॉलिशचा वास जिलेबीच्या वासात मिसळला. तांबं लाल झालं, बादलीत बुडवलं. तांदळाचं अर्धं पोतं होतं, त्यावर पत्रा उताणा ठेवला आणि अण्णांना म्हटलं, धरा. संस्कृतचे शिक्षक ओणवे होऊन देवाचे दोन कोपरे धरून बसले. मी खलबत्त्याचा बत्ता फडक्यात गुंडाळून ती जुनी सोंड खाली बसवली, मग पत्रा पालथा केला आणि खिळ्याने मागून नवी सोंड आखली.

अण्णा ओरडले, “अगं, पुन्हा उजवीकडेच काढलीस.”

“मागून आहे हे अण्णा. धरा.”

त्यांनी कोपरे पुन्हा घट्ट धरले. झाऱ्याचा दांडा बोथट होता, त्याने मी सोंड उठवत गेले, बत्त्याचे हलके घाव, मनगटातून. अण्णा प्रत्येक घावाला डोळे मिटत होते. उलटून दाखवला तेव्हा सोंड डावीकडे वळलेली होती आणि अण्णांनी पत्रा पुन्हा एकदा उलटून, पुन्हा सुलटून पाहिला. कशी आली, हे त्यांना अखेरपर्यंत कळलं नाही. माझ्या नव्या साडीला तीन भोकं पडली होती. पत्रा काळा-जांभळा झालेला, पण गणपती गणपतीच दिसत होता.

आत्याबाईंनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “आता बघा कसा शांत दिसतो,” म्हणाल्या. तोच पत्रा, तेच पोट, तेच डोळे. घटकेपूर्वी ज्याचा कोप होणार होता तो बत्त्याचे घाव खाऊन शांत झाला. सगळ्यांनी माना डोलावल्या, पारनेरच्या भटजींनी तर तेजही दिसतंय म्हणून सांगितलं. ताईचं लग्न लागलं. सोमवारी अण्णा आले, पण एसटीत माझ्या शेजारी बसले नाहीत, पुढच्या सीटवर बसले, आणि आयटीआयच्या आवारात माझ्यापुढे इतके झपाझप चालले की मी त्यांची कुणी नाही असं वाटावं. सही मात्र केली, वळणदार. त्या सहीवर माझं पुढचं सगळं आयुष्य झालं, नगरच्या एमआयडीसीत कूलरच्या बॉड्या आणि हवेच्या नळ्या वाकवण्यात, आणि मग स्वतःच्या शेडमध्ये. माझ्या शेडमध्ये बासरी वाजली नाही कधी.

तो व्हिडिओ बघून झाल्यावर त्याच आठवड्यात मी पारनेरला ताईकडे गेले होते. आत्याबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. गणपती अजून माजघरात आहे, पूर्वेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर. मी सकाळी चहा घेत बसले होते, आणि ऊन खिडकीतून तिरपं आत आलं तसं पत्र्यावर एक सावली उठली. मी बसवलेली जुनी सोंड. दिवसा एरवी ती दिसतही नाही, पण तिरप्या उजेडात स्पष्ट, पूर्ण, उजवीकडे वळलेली. पत्रा एकदा उठला की तो पुरता सपाट होत नसतो, हे मला नंतर कामात कळलं, तेव्हा कुठे ठाऊक होतं? मला माझ्याच कामाची लाज वाटली. मी ताईला म्हटलं, काढून दे, आता माझ्याकडे सगळी हत्यारं आहेत, नीट करून आणते.

“हात लावू नकोस त्याला,” ताई म्हणाली.

या बाईने मला कधी नको म्हटल्याचं मला आठवत नव्हतं.

“इथं आले ना, त्याच आठवड्यात समई लावताना दिसली मला ती जुनी सोंड,” ती म्हणाली. “आत्याबाईंनी तो देवघरात लावला होता, अंधारात. मी त्यांना सांगितलं, देवाला कोवळं ऊन लागावं, इकडे लावू या. मग रोज सकाळी त्या इथं उभ्या राहून आरती करायच्या आणि मी मागे टाळ्या वाजवायचे. त्यांना मोतीबिंदू नव्हता गं, पण डाव्या सोंडेचा म्हणून ठरवला होता ना. जाईपर्यंत रोज उजव्या सोंडेची आरती केली त्यांनी. सोवळं एक दिवस पाळलं नाही कुणी, आणि काही झालं नाही बघ.”

एवढं सांगून माझी गोगलगाय उठली आणि दूध उतू जातंय का ते बघायला आत गेली.